माहेरच्या निवट्या

सांगोल्याकडच्या माणसाला माशाचं काय कौतुक असणार? प्यायच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघत मोठी झालेली माणसं ती. वच्छला तर शेरडामेंढरांत वाढलेली. तिच्या हातचा मटणाचा रस्सा खाऊन जुळे सोलापूर वस्तीतले शेजारीपाजारी बोटं चाटत घरी जायचे. पण मासा म्हटलं की बाई पदर नाकाला लावून पलीकडच्या फुटपाथनं चालायला लागायची. आणि नशिबाचा खेळ बघा, तिच्या एकुलत्या एका लेकानं, ऋतुराजनं, पनवेलला नोकरीला असताना बायको पसंत केली ती थेट खाडीवरची!

पोरीचं नाव पायल. तिचा बाप हिराजी खाडीत मासेमारी करायचा, गाव उसरखार. आई लग्नाआधीच गेलेली. लग्नानंतर ऋतुराजची सोलापूरला बदली झाली आणि पायल सासूच्या घरात राहायला आली. पहिल्याच आठवड्यात तिनं सुके बोंबील भाजले. वच्छलानं घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या, उदबत्त्या लावल्या, आणि तरी भागेना म्हणून गॅलरीत जाऊन उभी राहिली. शेजारची बसम्मा खालून ओरडून विचारत होती, "वच्छलाताई, काय मेलंय का हो तुमच्याकडं?"

भांडणं झाली. नाही कशाला म्हणा? पोरगी बापाशी फोनवर अरेतुरे करून बोलायची, त्यावरूनही वच्छलानं तोंड सोडलं होतं. "बापाला 'तू जेवलास का' म्हनतीस? वळण हाय का न्हाय काय?" पायल म्हणाली, "आमच्याकडं असंच म्हणतात, आत्या." सासूला आत्या म्हणायचं ही इकडची रीत मात्र तिनं बिनतक्रार उचलली होती. पुढं वच्छलाचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ह्याच पोरीनं तिला लहान लेकरासारखं न्हाऊमाखू घातलं. त्यानंतर वच्छलाच्या तोंडून तिच्याबद्दल वावगा शब्द निघाला नाही. बोंबील भाजले तर एकच खिडकी उघडायची, एवढ्यावर तह झाला.

मग पायलला दिवस गेले. आणि गेले ते असे, की पोरीच्या पोटात पाणी ठरेना. भात नको, भाकरी नको, वच्छलाचा तो नावाजलेला रस्सा तर समोर आला की ही मोरीकडं धावायची. गाल आत गेले, डोळे खोल गेले. वच्छला हात धुऊन तिच्या मागं लागली, "काय खावंसं वाटतंय ते सांग तरी! आकाशातलं मागितलंस तरी आनते." पायल लाजत म्हणाली, "निवट्या."

निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात राहणारा, बोटाएवढा, बुळबुळीत मासा. ओहोटी लागली की चिखलावर टुणटुण उड्या मारतो. हिराजीला फोन गेला, आणि दुसऱ्याच दिवशी हा माणूस बर्फ भरलेला डबा मांडीवर घेऊन सोलापूरच्या स्टँडवर उतरला. पायलनं निवट्यांचं कालवण भाताशी असं खाल्लं, की वच्छलाला रडूच आलं. त्या दिवसापासून तिचा आणि माशाचा झगडा संपला. राख लावून निवट्या घासायच्या, बुळबुळ गेली की मीठ चोळायचं, मग चिंचेच्या कोळात शिजवायच्या, हे सगळं ती शिकली. हातातून निसटून एक निवटी सिंकच्या भोकात गेली तेव्हा नवऱ्याला, आबासाहेबांना, हाका मारून तिनं घर डोक्यावर घेतलं होतं. हिराजी दर पंधरा दिवसांनी डबा घेऊन यायचा, चहा घ्यायचा, लेकीला डोळे भरून बघायचा आणि परतीच्या गाडीनं जायचा. पोर अंगानं भरायला लागली. वच्छला भेटेल त्याला सांगायची, "बाप असावा तर आमच्या पावण्यासारखा."

आणि पाचव्या महिन्यात डबा यायचा बंद झाला.

हिराजी आधी म्हणाला, जाळं फाटलंय. मग म्हणाला, होडीचं काम काढलंय. मग म्हणाला, यंदा निवटीच नाही. पायल फोन ठेवून भिंतीकडं तोंड करून पडून राहायची. "आई असती तर असं झालं नसतं," एवढंच एकदा बोलली. ते ऐकून वच्छलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं हिराजीला फोन लावला.

"पावणं, लेकीला सातवा लागंल आता. डोहाळं अपुरं राहिलं की लेकराचं कान फुटत्यात, ठाऊक हाय न्हवं? चार निवट्या धरायला एवढं काय आभाळ कोसळलंय तुमच्यावर?"

मग हिराजी म्हणाला, "विहीनबाय, तुम्ही तिला मटन घाला. अंडी घाला. डोहालजेवनाला मी येतो." आणि फोन ठेवून दिला. असला राग आला वच्छलाला! हा माणूस मनातून उतरलाच तिच्या. लेक दिली, आता सासरच्यांनी बघावं, असंच ना?

बरं, वच्छला गप्प बसणाऱ्यातली नव्हे. आबासाहेबांनी जन्मभर एसटी चालवलेली. कुठल्याही मार्गावर त्यांचा एक तरी चेला निघायचाच. पनवेलच्या गाडीवर होता संगप्पा, अक्कलकोटकडचा, गळ्यात लिंग, कांदा-लसूणसुद्धा बेतानं खाणारा. त्याला तिनं घरी बोलावून चहा पाजला आणि काम सांगितलं. संगप्पाचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"वहिनी, शिवशिव! मी आनि मासं?"

"तू कुटं खानार हाईस? आनायचंच हाय फक्त. उसरखारच्या पुलावर बायका टोपल्या घिऊन बसत्यात म्हनं. पर बघ हां, त्याच खाडीचं पायजे. दुसरीकडचं आनलंस तर तिला घासाला कळतंय."

हीच तर वच्छलाची हौस होती. लेकीला माहेरचंच पाणी लागतं, माहेरच्याच चिखलातली निवटी लागते. बाजारात इतर मासे काय कमी होते? पण नाही. बापानं पाठ फिरवली तर सासू काय मेली आहे काय, असं तिचं म्हणणं. डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळी संगप्पा डबा हातभर लांब धरून, नाक मुरडत दारात उभा राहिला. डबा ठेवला, नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, आणि तरीही जाताना म्हणाला, "पोरगी खूश झाली पायजे वहिनी."

वच्छलानं कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही. राख लावून घासल्या, मीठ चोळलं, वाटण पाट्यावर वाटलं. पायलला खोलीबाहेर येऊ दिलं नाही, पण वास काय दाराला विचारून आत जातो? पायल आतून ओरडली, "आत्या! खरं का?" त्या आवाजानं वच्छलाचं सगळं अंग सुखावलं.

दुपारी बायका जमल्या. पायलला हिरवी साडी नेसवली, फुलांचे दागिने घातले, पाटावर बसवली, भोवती रांगोळी घातली. पुरणपोळी होती, पाच तऱ्हेचे भात होते, आणि मधोमध वाटीत निवट्यांचं लालभडक कालवण. गाणी झाली, चेष्टा झाली. बसम्मा पायलच्या पोटाकडं बघून म्हणाली, "मुलगीच बघा, आईचं रूप चोरलंय." पायल हसत हसत भात कालवत होती. तेवढ्यात दारात हिराजी आला. खांद्यावर तांदळाचं पोतं, हातात नारळ.

"या पावणं," वच्छला मुद्दाम मोठ्यानं म्हणाली. "तुमाला जमलं न्हाय ते आमी केलं बघा. तुमच्याच खाडीच्या निवट्या हाईत. उसरखारच्या."

पायलनं घास उचलला होता. हिराजीनं पोतं टाकलं, रांगोळी तुडवत तो पुढं आला आणि लेकीच्या हातावर असा फटका मारला, की घास उडून भिंतीवर बसला. मग त्यानं वाटी उचलून पालथी केली. तांबडा रस्सा पाटावरून हिरव्या साडीवर ओघळला.

वच्छला वाघिणीसारखी उठली.

"अन्नावर हात टाकता? भरल्या ताटावर? आवो, पोटुशी लेक हाय ती तुमची! स्वतः तर आनलं न्हाय, आनि आमी केलं ते..."

"थुक!" हिराजी पायलला म्हणत होता. त्याला दुसरं काही ऐकूच येत नव्हतं. "गिललास काय? बाय माजे, खरं सांग, गिललास काय?"

पायलनं मान हलवली. नाही. तेव्हा हिराजी पाटाजवळच खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून रडायला लागला. मोठा माणूस असा रडला की बघणाऱ्याला कुठं बघावं कळत नाही. बायका एकेक करून आतल्या खोलीत गेल्या. बसम्मानं जाताना दार ओढून घेतलं.

मग त्यानं सांगितलं. वरच्या अंगाला कंपन्या आहेत, त्यांचं पाणी खाडीत येतं, हे सगळ्यांना लहानपणापासून माहीत होतं. कधी पाणी तांबडं व्हायचं, कधी फेस यायचा, आणि भरती आली की सगळं वाहून गेलं म्हणायचं. पण कॉलेजची पोरं-पोरी आली, चिखल घेऊन गेली, निवट्या, कालवं, बोयटं, असलं खाडीतलं सगळं म्हावरं घेऊन गेली. परत आली तेव्हा त्यांनी देवळासमोर गाव बसवून सांगितलं. चिखलात शिसं आहे, पारा आहे. भरतीबरोबर ते जात नाही, चिखलात बसतं आणि चिखलातल्या माशाच्या अंगात भरतं. पोटुशी बाई आणि लहान लेकरं, यांना तर अजिबात देऊ नका, पोटातल्या जिवाच्या मेंदूला धोका असतो.

"त्याच्या चार दिस आधी मी डबा आनलेला हितं," हिराजी म्हणाला. "माज्या हातानं. चांगल्यातल्या जाड्या जाड्या निवडून आनलेल्या."

"मग सांगायचं न्हाय का?" वच्छलाचा आवाज आता खाली आला होता.

"कसं सांगू? पाचवा लागेस्तवर मीच घातलं तिला. सांगितलं असतं तर पोर रोज रातीला जागी राहिली असती, माज्या पोटात काय वाढतंय म्हनून. म्हटलं, बाप वायट ठरला तरी चालंल."

वच्छलाला स्वतःची लाज वाटली. ह्याच माणसाला आपण काय काय बोललो! आणि वर घोर अपराध म्हणजे, ज्या विषापासून बापानं लेकीला जपलं, ते शोधून, मागवून, हौसेनं वाटण लावून आपणच तिच्या ताटात वाढलं. ती पायलजवळ बसली आणि पदरानं तिच्या साडीवरचा रस्सा टिपायला लागली.

पायल पाटावर तशीच बसली होती. एक हात पोटावर. तिनं बापाकडं बघितलं आणि विचारलं, "बाबा, तू काय खातोस?"

हिराजी सांडलेला भात गोळा करायला लागला.

"बाबा. घरी काय शिजवतोस तू?"

"मना काय व्हनार हाय ह्या वयात?" हिराजी म्हणाला. "कंपनीच्या पान्यावरून बाजारात म्हावरं कोनी घेत नाय आता, पुलावर वाटसरू घेतात तेवढंच. धरलेलं टाकून कसं देऊ? मीच खातो."

दुसऱ्या दिवशी वच्छला पायलला डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. हिराजी दवाखान्याबाहेर चप्पल काढून उभा होता, त्याला दंडाला धरून आत नेलं. "ह्यांचंबी रक्त घ्या," ती म्हणाली. हिराजी म्हणाला, "माजं कशाला, वायफल खर्च." वच्छला म्हणाली, "पावणं, तुमी एक वाटी पालथी केलीसा, आता मी सांगते तेवडं ऐका." नळ्या पुण्याला तपासायला गेल्या. रिपोर्ट यायला आठवडा लागणार होता.

तो आठवडा वैऱ्यावरसुद्धा येऊ नये. पायल रोज सकाळी उठून लेकरू हलतंय का बघत बसायची. हललं की घरभर सांगायची, नाही हललं की कुणाशी बोलायची नाही. ऋतुराज ऑफिसातून दर तासाला फोन करायचा. हिराजीला वच्छलानं परत जाऊ दिलं नव्हतं. तो गॅलरीत बसायचा. ह्या माणसाचं सगळं आयुष्य भरती-ओहोटीवर चाललेलं, आणि सोलापुरात कसली भरती? तरी मध्येच उठून म्हणायचा, "आता पानी चढलं असंल." आबासाहेब त्याच्याशेजारी पेपर घेऊन बसायचे आणि म्हणायचे, "चढू द्या की." दोघं त्याहून जास्त काही बोलत नसत. वच्छला स्वयंपाकघरातून ऐकायची आणि भाकरी थापता थापता अंबाबाईला म्हणायची, आई, लेकराला काही होऊ देऊ नकोस. माझ्या हौसेचं पाप माझ्या पदरात टाक, तिच्या नको.

रिपोर्ट आले त्या दिवशी चौघं दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी आधी पायलचा कागद बघितला. वच्छलानं पायलचा हात घट्ट धरला होता. हिराजी खुर्चीच्या कडेवर बसला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर.

"थोडं आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण थोडंच. धोक्याच्या रेषेच्या बरंच खाली. वेळेत बंद झालं ते फार बरं झालं. सोनोग्राफीत बाळाची वाढ छान आहे. कॅल्शियम, लोह घ्यायचं, दूध प्यायचं, आणि बाळ झाल्यावरही आपण लक्ष ठेवू. शंभर टक्के खात्री मी कशाचीच देत नाही, पण मला आता काळजी वाटत नाही."

वच्छलाला हुंदका आला. पायल हसतही होती आणि तिचे डोळेही वाहत होते. ऋतुराज उगाच भिंतीवरचं कॅलेंडर बघायला लागला. आणि हिराजी! हिराजी उठला, डॉक्टरीणबाईंच्या टेबलाला डोकं टेकवलं, मग वच्छलासमोर हात जोडले, मग पुन्हा डॉक्टरीणबाईंना.

"बसा काका," त्या म्हणाल्या. त्यांनी दुसरा कागद हातात घेतला होता आणि चष्मा काढून ठेवला होता. "तुमचं मात्र खूप जास्त आहे. हात थरथरतात का तुमचे? तोंडाला धातूसारखी चव येते? विसरायला होतं?"

"होय होय," हिराजी हसत म्हणाला.

"काका, नीट ऐका. उपचार लगेच सुरू करायला लागतील. तिथलं काहीही खायचं नाही आता. अजून वर्षभर असंच चाललं, तर मूत्रपिंडं जातील."

"होय बाय, बरोबर हाय तुमचं," हिराजी म्हणाला. तो पायलकडं बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की वच्छलाला ते बघवेना. ह्या माणसाच्या कानात एकच वाक्य गेलं होतं आणि त्यानंतर कान बंद झाले होते.

"पावणं, तुमचं काय म्हनत्यात ऐकलं का?" तिनं त्याचा खांदा हलवला.

"ऐकलं की विहीनबाय. पोर बरी हाय."

ऋतुराज औषधं आणायला मागं थांबला. तिघं खाली रस्त्यावर आले. ऊन मी म्हणत होतं. रिक्षा थांबली, हिराजीनं लेकीला जपून आत बसवलं, वच्छलाला बसवलं, आणि स्वतः पुढं वाकून रिक्षावाल्याला म्हणाला, "भाऊ, माजी पोर बरी हाय. पेपरात सगलं चांगलं आलं. आधी मना स्टँडवर सोड, पनवेलची गाडी गावंल. मग ह्यांना घरी ने."

"कशाला जाताय?" वच्छला म्हणाली.

"काम झालं ना माजं. होडी नुसती बांधून पडलीय. आता काय चिंता नाय."

पायलनं त्याची बाही धरून त्याला आत ओढला. सातव्या महिन्यातल्या बाईनं ओढावा तसा नव्हे, चांगला जोर लावून. हिराजी धप्पकन तिच्याशेजारी बसला. "बाबा, तू तिकडं जाऊन तेच खाणार," ती म्हणाली. "मी इथं दूध पिणार, आणि तू तिकडं तेच खाणार. माझं बाळ बरं आहे हे ऐकून तू मरायला चाललास?" आणि बोलता बोलता तिला जो हुंदका फुटला तो थांबेना. आठवडाभर पोटातल्या लेकरासाठी न रडलेली पोर बापाच्या खांद्यावर तोंड दाबून भर रस्त्यात रडत होती.

हिराजी बावरला. तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "उगी, उगी. असं नाय करायचं, पोटात लेकरू हाय." फिरवताना त्याचा हात थरथरत होता आणि आता ते त्यालाही दिसत होतं. त्यानं हाताकडं बघितलं. मग वच्छलाकडं बघितलं. दवाखान्यातलं सगळं बोलणं त्याला आत्ता कुठं ऐकू येत असावं.

"विहीनबाय," तो हळू म्हणाला, "लेकीच्या दारात बापानं किती दिस ऱ्हायचं?"

"लेकीच्या दारात न्हाय," वच्छला म्हणाली. "माझ्या दारात ऱ्हावा. घर माझं हाय."

रिक्षावाल्यानं मागं वळून विचारलं, "नक्की कुटं घेऊ, मावशी? स्टँड का घर?"

वच्छला बोलायच्या आधी हिराजीच म्हणाला, "घरी."